दोन सिलिंडर अगदी सारखे, तरी मागचा प्रवाह एकाच बाजूला का झुकतो?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: वॉटर चॅनेलमध्ये (प्रयोगशाळेतला एकसारखं पाणी वाहणारा पाट) 10 मिमी व्यासाचे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे केलेत, केंद्रापासून केंद्रापर्यंत 15 मिमी अंतर, पाण्याचा वेग सेकंदाला साधारण 10 सेंमी. पाण्याची वाट दिसावी म्हणून सोडलेला, फटीतून निघणारा रंग सरळ जायच्या ऐवजी डावीकडे वळतो. गाईड म्हणतात मांडणी तिरकी आहे. तुम्ही दोनदा काढून पुन्हा बसवलं, तरी तेच.

मांडणी जरूर तपासा, पण बहुतेक तुमचं काही चुकलेलं नाही. मी स्वतः एम.टेक.ला असताना ह्याच भानगडीत चार दिवस घालवले. स्पिरिट लेव्हल लाव, व्हर्नियरने वरून-खालून फट मोज, दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग घे, बंद कर. प्रवाह आपला डावीकडेच. पाचव्या दिवशी चॅनेल चालू ठेवून चहाला गेलो, परत येतो तर रंग उजवीकडे! कोणी हात लावला नव्हता.

दोन सिलिंडरमधलं केंद्रांतर व्यासाच्या साधारण 1.2 ते 2 पट असेल तर फटीतला झोत मधोमध टिकतच नाही. तो एका सिलिंडरला बिलगतो. ज्याला बिलगतो त्याच्यामागचा वेक, म्हणजे मागे उरणारा घुसळलेल्या पाण्याचा पट्टा, अरुंद होतो आणि भोवरे भराभर सुटतात. दुसऱ्यामागे वेक रुंद, भोवरे संथ. ओढही (सिलिंडरला प्रवाहाच्या दिशेने ढकलणारा जोर) सारखी राहत नाही, अरुंद वेकवाल्यावर ती जास्त पडते. तुमचं गुणोत्तर 1.5, म्हणजे बरोबर ह्याच टापूत. मांडणी कितीही सममित असली तरी प्रवाहाला डावी-उजवी अशा दोन बैठका असतात आणि तो मनाला येईल तेव्हा एकीवरून दुसरीवर जातो. ठरावीक वेळ नाही. दोन पलट्यांच्या मध्ये हजारभर भोवरे सुटून जाऊ शकतात.

अंतर 1.2 पटीच्या खाली नेलंत तर दोघं मिळून एकच जाडा खांब असल्यासारखे वागतात. दोन पटीच्या बराच वर नेलंत तर दोन वेगळ्या भोवऱ्यांच्या रांगा दिसतात, तरी बहुतेक वेळा एकमेकींशी ताल धरून.

आता गाईडना कसं पटवायचं? आधी एकच सिलिंडर लावा. तुमच्या आकड्यांनी रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास, भागिले पाण्याची गतिक चिकटाई) 1000 येतो. स्ट्रौहल अंक (भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले व्यास, भागिले वेग) 0.2 च्या आसपास, म्हणजे प्रत्येक बाजूने सेकंदाला सुमारे दोन भोवरे, मोबाईलच्या स्लो मोशनवर मोजता येतात. इथेच आकडा भलता आला तर चॅनेलचं काहीतरी बिघडलंय, ते आधी निस्तरा. मग दुसरा लावा आणि चॅनेल वीसेक वेळा बंद-चालू करून दर वेळी झोत कुठे वळला ते वहीत लिहा. कधी डावा कधी उजवा आला तर तुम्ही सुटलात. नेहमी डावाच आला तर दोन सिलिंडरची अदलाबदल करा. कल उजवीकडे गेला तर दोष सिलिंडरमध्ये, तिथेच राहिला तर होल्डरमध्ये किंवा येणाऱ्या प्रवाहात. चॅनेलची रुंदीही बघा. ती 100 मिमी असेल तर दोघांनी मिळून पाचवा हिस्सा अडवलाय, आणि मग तुमचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

एक खड्डा मात्र टाळा, मी त्यात पडलो होतो. लांब रेकॉर्डिंगची सरसकट सरासरी काढली की छान सममित चित्र मिळतं, झोत अगदी सरळ. गाईडही खूश होतात. पण तसा प्रवाह पलटतानाचे क्षण सोडले तर कधी नव्हताच! आधी डावे तुकडे आणि उजवे तुकडे वेगळे करा, मग प्रत्येकाची सरासरी काढा.

शेवटी तुम्ही विचारलंय की एका सिलिंडरचं सगळं माहीत असताना दोघा-तिघांचं काय नवीन. इंग्लंडमधल्या फेरीब्रिजच्या वीज केंद्राचं बघा. 1 नोव्हेंबर 1965 ला सोसाट्याच्या वाऱ्यात तिथले आठपैकी तीन शीतक मनोरे कोसळले, प्रत्येकी सुमारे 114 मीटर उंच. पडले ते वाऱ्याच्या तोंडावरचे नव्हेत, त्यांच्या आडोशाला असलेले. वाऱ्याचा भार धरताना एकट्या मनोऱ्यावरच्या चाचण्यांचा आधार घेतला होता आणि वाऱ्याचा वेगही मिनिटाच्या सरासरीने धरला होता. पुढच्या रांगेमधून घुसणारा वारा आणि झटके हिशेबातच नव्हते. आडोसा म्हणजे सुरक्षित, असं आपण शेताच्या बांधावर उभं राहून म्हणतो. उलट एकामागे एक दोन सिलिंडर जवळ ठेवले, साडेतीन व्यासांच्या आत, तर मागच्यावर ओढ उलटी पडते, तो पुढच्या सिलिंडरकडे खेचला जातो. एकट्याचा आकडा दोनाने गुणून हे कुठून निघणार?

रेकॉर्डिंग निदान अर्धा तास सलग घ्या. मेमरी कार्ड मोठं लागेल, आणि रंगाची बाटली आधीच भरून ठेवा, मध्येच संपते.