कामगाराला घरी दुखापत झाली आणि तो हलकं काम मागतोय, तर ते द्यावंच लागतं का?

तुमचं भोसरीत छोटं मशीन शॉप, व्हीएमसीवरचा (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) जुना ऑपरेटर रविवारी घरच्या जिन्यावरून पडला, डावं मनगट मोडलं, आणि आता तो 'हलके काम द्यावे' अशी चिठ्ठी घेऊन आलाय. मी एमआयडीसीतच एचआर बघतो, अशा चिठ्ठ्या कायम येतात.

कायद्याने हलकं काम द्यावंच लागतं असं नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे, आणि जुळून येणारं फ्रॅक्चर म्हणजे अपंगत्वही नव्हे. तरी मी म्हणेन, जमत असेल तर द्या. हात बसलेला ऑपरेटर आज सहजासहजी मिळत नाही.

मात्र त्या चिठ्ठीवर काम देऊ नका. 'हलकं' म्हणजे काय ते डॉक्टरला कुठे माहीत? एका कागदावर त्याचं रोजचं काम लिहा: किती किलोचा जॉब (मशीनवर चढवायचा भाग) उचलतो, दिवसातून किती वेळा, तो जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर कसं आवळतो. तो कागद घेऊन त्याला परत पाठवा आणि काय चालेल, काय नाही, कधीपर्यंत, हे लिहून आणायला सांगा. सगळे अशा माणसाला डोळे झाकून इन्स्पेक्शनला बसवतात. पण तिथे जॉब डाव्या हातात धरून उजव्याने प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) फिरवायचा असतो, म्हणजे ताण पुन्हा त्याच मनगटावर! त्यापेक्षा जॉब कार्डांच्या (कामाची नोंद ठेवायची कार्डं) नोंदी किंवा टूल क्रिब, म्हणजे हत्यारं देण्या-घेण्याची खोली, बरी.

आता पैशांचं. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असणार. आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाचा लाभ सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. इथेच भले मालक अडकतात. माणूस ईएसआयच्या रजेवर, लाभ घेतोय, आणि मालक म्हणतो, 'ये रे, नुसता बसून राहा, वरचे रोख देतो.' ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ घेता येत नाही. उघडकीला आलं तर ते पैसे त्याला ईएसआयला परत भरावे लागतात आणि प्रश्न तुम्हाला विचारले जातात. एक तर रजा, नाहीतर हलकं काम आणि पगार. लाभ चालू असताना त्याला कामावरून काढताही येत नाही.

तो खरंच घरी पडला ना, हेही शांतपणे विचारून घ्या. कामावर येता-जाता पडला असेल आणि वेळ-जागा जुळत असेल तर ईएसआय तो कामावरचा अपघात धरू शकते, तेव्हा रक्कम ९० टक्के असते.

हलकं काम दिलंत तर शेवटची तारीख घालून साधं पत्र द्या आणि शिफ्ट इन्चार्जला सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर 'त्याला खुर्ची, आम्हाला हमाली' ही कुजबुज चहाच्या सुट्टीत सुरू होते, आणि इन्चार्ज घाईच्या ऑर्डरला हळूच त्याला क्रेट उचलायला लावतो.

प्लास्टर निघालं म्हणून लगेच मशीनवर उभं करू नका. आधी फिटनेसचा दाखला मागा. कच्च्या हाताने काही घडलं तर तो अपघात कामावरचा ठरेल.