स्कॉटलंडच्या खालच्या लीगमधल्या मिडफिल्डरचं, म्हणजे मधल्या फळीत खेळणाऱ्याचं, फुटबॉलवर पोट भरतं का? की ते अपयशी करिअरच म्हणायचं?

पोट भरत नाही. पण अपयशी हा शब्द मला अजिबात पटत नाही. मी काही वर्षं नोकरीनिमित्त ॲबरडीनला होतो आणि शनिवारी ट्रेनने आर्ब्रोथला सामने बघायला जायचो. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो.

स्कॉटलंडच्या मुख्य लीगमध्ये चार स्तर आणि 42 क्लब आहेत. वरच्या स्तरात 12 संघ, खालच्या तिन्हींत दहा-दहा. तळाच्या दोन स्तरांतले बहुतेक क्लब अर्धवेळ चालतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी दुपारी 3 वाजता सामना, बाकीचे दिवस नोकरी. कोणी वायरमन, कोणी शाळेत शिक्षक. क्लबकडून मिळणारे पैसे म्हणजे पगाराला जोड. करार बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांचा, त्यामुळे मे महिना जवळ आला की धाकधूक सुरू.

बॉबी लिनचंच बघा. खेळायचा मैदानाच्या कडेने, म्हणजे विंगर, पण अशा करिअरचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सुरुवात डंडी क्लबमध्ये झाली, मग पीटरहेड, मॉर्टन, ईस्ट फाइफ असे क्लब करत तो 2013 मध्ये आर्ब्रोथला आला आणि तिथेच रमला. पोटासाठी कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा. क्लबने 2017 मध्ये चौथ्या आणि 2019 मध्ये तिसऱ्या स्तराचं विजेतेपद मिळवलं. त्या 2018-19 च्या मोसमात लीग वनमधला, म्हणजे तिसऱ्या स्तरातला, सर्वोत्तम खेळाडू म्हणून खेळाडूंच्या संघटनेने निवडलं ते लिनलाच. त्यासाठी मतं देतात ते त्याच्याविरुद्ध खेळणारेच, म्हणून मला त्या निवडीचं मोल फार वाटतं.

दहा संघांची लीग, प्रत्येकाशी चार सामने, म्हणजे मोसमात 36. त्यामुळे तोच प्रतिस्पर्धी वर्षात चारदा समोर येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा. कोण कुठल्या पायाने पास देणार, कोण साठाव्या मिनिटाला दमणार, हे अनुभवी मिडफिल्डरला पाठ असतं. वेग कमी झाला तरी तो या ओळखीवर आणखी काही वर्षं काढतो.

आणि वारा! आर्ब्रोथचं गेफील्ड मैदान समुद्राला अगदी खेटून आहे, भिंतीपलीकडे थेट उत्तर समुद्र. एका जानेवारीत गोलकीपरने मारलेला चेंडू वर गेला, हवेत थांबल्यासारखा झाला आणि त्याच्याच पेनल्टी बॉक्सजवळ येऊन पडला. त्या दिवशी आर्ब्रोथच्या मधल्या फळीतल्या एका खेळाडूने वाऱ्याविरुद्धच्या पंचेचाळीस मिनिटांत चेंडू जमिनीवरून उचललाच नाही. पाठ वाऱ्याकडे करून चेंडू घ्यायचा, दोन पावलांवरच्या साथीदाराला द्यायचा, पुन्हा मागून घ्यायचा. हाफ टाइमला आम्ही प्रेक्षक चालत दुसऱ्या गोलमागे गेलो, तिथे ही पद्धतच आहे. शेजारचे आजोबा वाटेत त्याच्याबद्दलच बोलत होते, गोल कोणी केला याबद्दल नाही.

याच अर्धवेळ संघाने 2021-22 मध्ये दुसऱ्या स्तरात बहुतेक पूर्णवेळ संघांना मागे टाकत दुसरा क्रमांक मिळवला. किल्मारनॉकविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटी गोल खाल्ला आणि विजेतेपद हुकलं. मग वरच्या स्तरात जाण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये इन्व्हरनेसकडून पेनल्टींवर हरले. वर जायची एवढी जवळून हुकलेली संधी आठवली की मला आजही वाईट वाटतं.

शेवटाबद्दल विचाराल, तर पाय जड झाले की बरेच जण हायलँड किंवा लोलँड या आणखी खालच्या लीगमध्ये उतरतात, काही प्रशिक्षक होतात. नोकरी तर चालूच असते. फक्त त्या दोन संध्याकाळी एकदम रिकाम्या होतात. मग त्यातले काही जण शनिवारी त्याच मैदानावर तिकीट काढून येतात, आणि गेटवरचा माणूस त्यांना नावाने हाक मारतो.