एबीएस (अँटी-लॉक ब्रेक सिस्टीम) असताना गाडीत ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी सिस्टीम) वेगळं कशाला लागतं?

एबीएस तुम्ही ब्रेक दाबला की मगच कामाला येतं, चाक लॉक होऊ देत नाही, बस. ईएससी मात्र तुमचा पाय ब्रेकवर नसला तरी स्वतःच ब्रेक मारतं, आणि तोही गरज असेल त्याच चाकाला.

आता समजा इंदूरहून खंडव्याकडे निघालात, भेरूघाटात रस्ता ओला आणि उजवं वळण जरा जास्तच स्पीडने घेतलंत. स्टीअरिंगचा सेन्सर सांगतो की तुम्हाला किती वळायचंय, आणि यॉ सेन्सर सांगतो की गाडी खरंच किती फिरतेय, दोघांचं जुळलं नाही की सिस्टीम मधे पडते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर पुढच्या डाव्या चाकाला ब्रेक, आणि उलट गाडी वळायचं नावच घेत नसेल, सरळ कठड्याकडे निघाली असेल तर मुख्यतः मागच्या उजव्या चाकाला. वर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला असला तरी इंजिनची ताकद कमी करतं (काहींना याचाच राग येतो!).

मीटरवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं तर ते काम चालू आहे, पण सतत पेटलेलंच राहिलं तर एकतर ईएससीचं बटण ऑफ आहे नाहीतर बिघाड.

मर्सिडीजने हे 1995 ला आणलं, पण गाजलं 1997 ला, स्वीडनमध्ये टेस्टमध्ये ए-क्लास उलटली तेव्हा, मग कंपनीने त्या मॉडेलला ते स्टँडर्डच करून टाकलं.

बाकी टायर गुळगुळीत असतील तर ईएससी तरी काय करणार, ते आधी बदला.