किनाऱ्यावरील नर्तिकेची छायाचित्रे आणि लॅबने ‘उजळवलेला’ चेहरा

आपण नांदेडहून दापोलीजवळच्या मुरुडला जाऊन भाचीच्या अरंगेत्रमच्या (भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाच्या) निमंत्रणासाठी सायंकाळी छायाचित्रे काढलीत. चेहरा काळवंडला, क्षितिजाची रेघ कुठे मानेतून तर कुठे डोळ्यांवरून गेली, आणि लॅबमधून आलेल्या मोठ्या प्रतीत भाची ओळखू येईना इतकी गोरी झाली, असे आपण लिहिले आहे. यातील शेवटचा प्रकार पुतणीच्या छायाचित्रांच्या वेळी मी स्वतः भोगला असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे. मी परभणीचा, हौशी छायाचित्रकार आहे. त्यामुळे पुढील मते अनुभवाची समजावीत, शास्त्राची नव्हे. कॅमेऱ्याची प्राथमिक माहिती आपल्याला आहे असे धरून चालतो.

आधी लॅबविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. पुतणीच्या सादरीकरणासाठी सभागृहाच्या दाराशी लावायची मोठी प्रत मी एका मोठ्या शहरातील नावाजलेल्या लॅबकडे दिली होती. मूळ छायाचित्रात सूर्यास्तानंतरचे निळसर आकाश होते आणि त्यावर अलपद्म मुद्रेतील, म्हणजे उमललेल्या कमळासारखी बोटे पसरलेला, हात होता. बोटांच्या टोकांचा आलता त्या निळ्या पार्श्वभूमीवर इतका स्पष्ट होता की प्रत्येक बोट वेगळे मोजता येत होते. छापून आलेल्या प्रतीत आकाश पिवळट झाले होते, सावळा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता आणि आलता फिकट गुलाबी होऊन तळहाताच्या रंगात मिसळला होता. मुद्राच दिसेनाशी झाली होती. विचारणा केली तेव्हा आधी ‘मशीन आपोआप करते’ असे सांगण्यात आले, मग ‘फाइलच अंधारी होती’ असे, आणि शेवटी ‘सगळ्यांना असेच आवडते’ असे. पुन्हा छापण्यासाठी पूर्ण पैसे मागितले गेले, तक्रारीसाठी दुसऱ्या शाखेकडे बोट दाखवण्यात आले, आणि तेवढ्यात कार्यक्रमाचा दिवस येऊन ठेपला. पुतणीच्या गुरूंनी ती प्रत लावण्यास नकार दिला आणि त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. मुलीच्या वर्णाला दोष समजून तो परस्पर दुरुस्त करण्याचा अधिकार कोणत्याही लॅबला नाही, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मागणी नोंदवताना ‘रंगदुरुस्ती करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे, तोंडी सांगून भागत नाही. ज्या कागदावर मोठी प्रत हवी त्याच कागदावर आधी चार बाय सहाची नमुनाप्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी. लॅबने वेगळे काही सांगितले नसेल, तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतच द्यावी.

संपादनातही हाच सापळा आहे. त्वचा, ओली वाळू आणि मावळतीचे आकाश हे तिन्ही बऱ्याच अंशी नारिंगी छटेत मोडतात. त्यामुळे आकाश खुलवण्यासाठी नारिंगीचा स्लायडर हलवला की चेहराही बदलतो. चेहऱ्यासाठी आणि आकाशासाठी स्वतंत्र मास्क करावेत, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता राहतो. कुंकू, आलता आणि लाल रेशीम यांत लाल रंग लवकर साकळतो आणि कापडाचा पोत नाहीसा होतो. तिथे लाल रंगाची तीव्रता थोडी उतरवावी. शरीराचा आकार बदलणारे टूल भरतनाट्यमच्या छायाचित्राला लावूच नये. कंबर बारीक करण्याच्या नादात अरमंडीतील (गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या स्थितीतील) गुडघ्यांचा कोन बिघडतो आणि जाणकाराच्या नजरेला तो लगेच खटकतो.

क्षितिजाचे कारण सोपे आहे. सपाट किनाऱ्यावर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. आपण उभे राहून डोळ्याला कॅमेरा लावला असेल, तर उभ्या नर्तिकेच्या मानेतून किंवा डोळ्यांवरून ती जाणारच, आणि नर्तिका अरमंडीत बसली की रेघ डोक्याच्याही वर सरकेल. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर न्यावा, म्हणजे धड, हात आणि चेहरा मोकळ्या आकाशावर येतात. आपल्याकडे समुद्र नसला तरी पैठणला नाथसागराच्या काठावर पाण्याची सपाट रेघ मिळते. कोकणात जाण्यापूर्वी हा सराव तिथे करता येईल.

चेहरा काळवंडला तो प्रकाशाच्या दिशेमुळे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने संध्याकाळी समुद्र पार्श्वभूमीला घेतला की सूर्य नर्तिकेच्या मागे येतो. ती वेळ छायाकृतींची, म्हणजे उजेडापुढे दिसणाऱ्या काळ्या आकृतींची आहे. अभिनय, दागिने आणि साडीचे जरीकाम दाखवायचे असेल तर सकाळी जावे. मागच्या झाडांवरून ऊन किनाऱ्यावर उतरले की ते थेट चेहऱ्यावर पडते. मात्र जरीकाम आणि दागिने पांढरे फटक पडणार नाहीत, इतकेच एक्स्पोजर ठेवावे.

भरती-ओहोटीचा विचार आपल्या लिखाणात कुठे दिसला नाही. कोकणात एक ढोबळ हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. अमावास्येलाही साधारण तसेच. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उजेडात घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा मिळतो, त्यात प्रतिबिंब उमटते आणि पायही रुतत नाही. कोरड्या वाळूवर पदन्यास करू देऊ नये, घोटा मुरगळण्याची भीती असते. पाण्यात उतरण्यापूर्वी त्या दिवसाचे नेमके वेळापत्रक आणि स्थानिकांचा सल्ला घ्यावाच. प्रतिबिंब हवे असेल तर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवावा. हातांच्या हालचालीला शटर १/५०० सेकंद आणि उडीला १/१००० सेकंद मला पुरेसे वाटते, पण हे नर्तिकेच्या वेगावर अवलंबून आहे.

आता हातातल्या छायाचित्रांचे पाहू. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल) असेल तर काळवंडलेला चेहरा मास्क करून हळूहळू वर आणावा. कपाळावरच्या कुंकवाची कड स्पष्ट दिसू लागली की थांबावे. केवळ जेपेग असेल तर फार ओढाताण करू नये, डाग आणि दाणे दिसू लागतात. तसे असल्यास निमंत्रणासाठी एखादी स्वच्छ छायाकृती निवडावी आणि भाचीला ती मान्य आहे ना, हे छपाईला देण्यापूर्वी विचारावे.