तळं प्लास्टिकचं, पाणी बोअरचं, कर्ज दागिन्यांवर

जत तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय : चार एकर डाळिंब लावायचं आहे, त्यासाठी एक कोटी लिटरचं अस्तराचं शेततळं, खर्च ८ लाख. पत्नीचे दागिने गहाण ठेवू की आईची मुदत ठेव मोडू? विक्रेता म्हणतो, तळं पावसाने भरेल आणि बाग दुसऱ्या वर्षापासून १० लाख देईल.

दोन्ही करू नका. चार एकर म्हणजे १६ हजार चौरस मीटर. पाऊस ५०० मिलिमीटर धरा. अख्ख्या रानावर पडणारं पाणी झालं ८० लाख लिटर. थेंब न थेंब अडवला तरी कोटीचं तळं भरत नाही. शिवाय अशा तळ्याचे काठ जमिनीच्या वर उचललेले असतात, रानातलं वाहतं पाणी आत शिरतच नाही. आत पडेल तो फक्त वरचा पाऊस, अडीच हजार चौरस मीटरवर जेमतेम १२ लाख लिटर. बाकी सगळं बोअरचं. तो तर तुमच्याच पत्राप्रमाणे मार्चमध्ये दम टाकतो. वर काढलेल्या पाण्यातून फेब्रुवारी ते मे रोज ७-८ मिलिमीटर उडून जाणार, म्हणजे चार महिन्यांत २० लाख लिटर. जमिनीखालचं पाणी उन्हात ठेवायला वर्षाला ८० हजार व्याज भरायचं? हे ‘पावसाने भरेल’ म्हणून विकणाऱ्यांची मला चीड येते. डाळिंबाचा पहिला चांगला बहारही तिसऱ्या वर्षाच्या आसपास धरतात, आणि तेल्या रोग आला तर तोही हातचा जातो.

मला खरी काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीची : मे महिन्यात ४० हजारांचा तलावातला गाळ रानात टाकला, आणि पहिल्याच मोठ्या पावसात ओढा गढूळ होऊन वाहिला. अहो, तो तुमचाच गाळ होता! चार एकरांवरून एक मिलिमीटर माती गेली तरी ती साडेपाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरते. बांध फुटलेले, जादा पाणी बाहेर सोडायला सांडवा नाही, पेरणी उताराच्या दिशेने. अशा रानात तुम्ही पैसे पेरले काय आणि गाळ टाकला काय, दोन्ही ओढ्याला जाणार.

आधी बांधबंदिस्ती करा. दगडी सांडवा घाला, कुळवाची पाळी आणि पेरणी उताराला आडवी करा, खालच्या कोपऱ्यात बिनअस्तराचा लहान खड्डा काढा, म्हणजे गाळ तिथे बसेल आणि पाणी मुरेल. यंत्राचं भाडं धरून हे काम ५०-६० हजारांत बसावं. तेवढं या रब्बीच्या ज्वारीतून बाजूला काढा. तालुका कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी करा, पण ते मिळेलच असं धरून कर्ज काढू नका. दोन पावसाळे बोअरची पातळी वहीत लिहा, डाळिंबाचं मग ठरवू, तेही एका एकरापासून.

विक्रेत्याला दिलेला २५ हजारांचा विसार परत मागा. नाही दिला तर सोडून द्या. त्या २५ हजारांपायी ८ लाख घालू नका.