सिल्व्हर बुलेट: चांदी कुठली, गोळी कुणाची?

प्रश्न असा आला आहे: 'सिल्व्हर बुलेट' आणि 'मॅजिक बुलेट' यांत फरक काय, आणि 'आमच्याकडे तीन सिल्व्हर बुलेट आहेत' असं म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. एका फटक्यात काम तमाम करणारा एकमेव उपाय म्हणजे सिल्व्हर बुलेट. तीन लागत असतील तर ते नुसते उपाय झाले. मीटिंगांमधून 'बऱ्यापैकी सिल्व्हर बुलेट' असंही हल्ली सर्रास ऐकू येतं. उद्या 'थोडंसं रामबाण'ही म्हणाल! शिवाय इंग्रजीत हा शब्द बहुतेकदा नकाराचं बोट धरूनच येतो: 'देअर इज नो सिल्व्हर बुलेट'. संगणकवाल्यांच्या तोंडी तो बसवणाऱ्या फ्रेड ब्रुक्स यांच्या १९८६च्या निबंधाचं शीर्षकही नकारार्थीच आहे.

चांदी का? साध्या गोळीला न जुमानणारं संकट चांदीच्या गोळीनेच मरतं, अशी लोककथांतली समजूत. चांदी जंतू मारते म्हणून, असं छातीठोक सांगणारे जाणकार आहेत. चांदी जंतू मारते हे खरंच, पण ही गोळी झाडायची आहे, पाण्याबरोबर घ्यायची नाही. दुसरे पंडित फ्रान्समधल्या जेवोदांच्या नरभक्षक श्वापदाचा दाखला देतात. ज्यां शास्तेलने १७६७मध्ये ते मारलं खरं, चांदी मात्र पुढच्या लेखकांनी त्यात घुसडली. दाखलाच हवा तर ग्रिम बंधूंची दोन भावांची कथा वाचा. झाडावर बसलेल्या चेटकिणीला शिशाची गोळी काही करत नाही, तेव्हा शिकारी अंगातल्या कोटाची तीन चांदीची बटणं तोडून बंदुकीत भरतो.

खरी गंमत मॅजिक बुलेटची. जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख यांची कल्पना होती 'त्साउबरकुगेल', म्हणजे जादूची गोळी. रोगजंतूला नेमकं गाठायचं आणि रोग्याला धक्का लावायचा नाही. १९१०मध्ये त्यांचं साल्व्हरसान, म्हणजे ६०६ क्रमांकाचं संयुग, सिफिलिसवर आलं. व्युत्पत्ती सांगणारे इथेच दप्तर आवरतात. अहो, जर्मन लोककथेत 'फ्रायकुगेल', म्हणजे हमखास नेम साधणारी मंतरलेली गोळी, होती की! जर्मन संगीतकार वेबरच्या 'डेर फ्रायशुट्स' या १८२१च्या ऑपेरात मध्यरात्री दरीत अशा सात गोळ्या ओततात. साहित्य काय, तर शिसं, चर्चच्या फुटक्या खिडक्यांच्या काचांचा चुरा, पारा, आधी नेमकी लागलेल्या तीन गोळ्या, हुदहुद पक्ष्याचा उजवा डोळा आणि लिंक्स या रानमांजराचा डावा. चांदीचा कण नाही. सहा गोळ्या नेमबाजाच्या मनाप्रमाणे जातात, सातवी सैतानाच्या.

माझं ठाम मत आहे की जर्मन कानाला 'त्साउबरकुगेल' म्हणताच ही सातवी गोळीही ऐकू येत असणार. साल्व्हरसानमध्ये आर्सेनिक होतं आणि त्याचे दुष्परिणामही रोग्यांनी भोगले. आणि त्याआधी सिफिलिसवर शतकानुशतकं काय देत असत? पारा! योगायोग म्हणणारे म्हणोत.

हां, फरक राहिला. मॅजिक बुलेटचा भर नेमावर: इतर कशाला न दुखावता एकालाच टिपणं. म्हणून ती औषधशास्त्रात शोभते. सिल्व्हर बुलेटचा भर अशा संकटावर, ज्याच्यापुढे नेहमीची हत्यारं चालत नाहीत. वाहतूककोंडीपासून बेकारीपर्यंत कुठेही वापरा, पण एकवचनी.