अर्थशास्त्रात पीएचडी करावी की फायनान्समध्ये? अमेरिकेला निघण्याआधीचा हिशेब

तुमचं एम.ए. झालं आहे. बँका आणि शेअर बाजार यांच्यामुळे इनोव्हेशन आणि आर्थिक वाढ कशी घडते, यावर संशोधन करून अमेरिकेत प्राध्यापक व्हायचं आहे. त्यासाठी अर्ज अर्थशास्त्र विभागाकडे करावा की बिझनेस स्कूलच्या फायनान्स विभागाकडे, हा तुमचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: अर्ज अर्थशास्त्राला करा, पण जिथे फायनान्सचे प्राध्यापक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंध समितीवर बसतात अशाच ठिकाणी. हे तपासणं अवघड नाही. विभागाच्या संकेतस्थळावर गेल्या काही वर्षांत कुणाला कुठे नोकरी लागली याची यादी असते. त्यातल्या तुमच्या विषयाच्या लोकांचे बायोडेटा उघडा आणि मार्गदर्शकांची नावं बघा. तसं एकच नाव सापडलं तर जपून, कारण ते प्राध्यापक विद्यापीठ सोडून गेले की तुम्ही एकटे पडता.

फायनान्समध्ये पगार बराच जास्त असतो हे खरं. पण तिथे दरवर्षी मोजकेच विद्यार्थी घेतात आणि वाढीचा सिद्धांत क्वचितच मुळापासून शिकवतात. अगियों आणि हॉविट या अर्थतज्ज्ञांचं १९९२ चं प्रारूप (नवं तंत्रज्ञान जुन्याला हटवतं आणि त्यातून वाढ होते, हे गणितात मांडणारं), ज्यासाठी त्यांना २०२५ चं नोबेल मिळालं, ते स्वतः सोडवता आल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही. शिवाय अर्थशास्त्राची पीएचडी करून फायनान्स विभागात नोकरी मिळवणारे बरेच असतात, उलटं क्वचित घडतं.

प्रवेशात गणित निर्णायक ठरतं. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनियर अल्जिब्रा आणि संभाव्यताशास्त्र गुणपत्रिकेवर दिसायला हवं. नुसतं 'अभ्यास केला आहे' म्हणून भागत नाही. जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गणित भागात जवळपास पूर्ण गुण लागतात. शिफारसपत्रं तीन, आणि ती संशोधन करणाऱ्यांची हवीत. अशी पत्रं नसतील तर आधी एक-दोन वर्षं प्रीडॉक म्हणून, म्हणजे एखाद्या प्राध्यापकाकडे पूर्णवेळ संशोधन सहायक म्हणून काम करा. अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरात, निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तुमचं उत्तर १५ एप्रिलपर्यंत. फी माफी आणि स्टायपेंड नसेल तर जाऊ नका. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, हेही विचारा.

पहिलं वर्ष मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनोमेट्रिक्सचं (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्राचं), आणि शेवटी पात्रता परीक्षा. मेहनती विद्यार्थी ती पार करतात. खरी कसोटी तिसऱ्या वर्षी लागते, कारण तेव्हा संशोधनाचा प्रश्न स्वतःचा लागतो. या विषयातली मुख्य अडचण कार्यकारणाची आहे: कर्ज मिळालं म्हणून वाढ झाली, की वाढ होणार म्हणून कर्ज आलं? किंग आणि लेव्हिन या संशोधकांनी १९९३ मध्ये देशादेशांची तुलना करून वित्तव्यवस्था आणि वाढ यांचा संबंध दाखवला, पण ही शंका उरलीच. राजन आणि झिंगालेस यांनी १९९८ मध्ये युक्ती काढली. स्वतःच्या नफ्याऐवजी बाहेरून उभ्या केलेल्या पैशावर जास्त अवलंबून असलेले उद्योग, वित्तव्यवस्था प्रगत असलेल्या देशांत तुलनेने जास्त वेगाने वाढतात का, हे त्यांनी तपासलं. जयरत्ने आणि स्ट्राहान यांनी १९९६ मध्ये अमेरिकी राज्यांनी बँकशाखांवरचे निर्बंध वेगवेगळ्या वर्षी उठवले याचा उपयोग केला. ती पद्धत आज जशीच्या तशी वापरली तर परीक्षक लगेच अडवतील. निर्बंध आधीच उठलेली राज्यं नंतरच्या राज्यांसाठी तुलनेला वापरली जातात, आणि परिणाम काळानुसार बदलत असेल तर उत्तर चुकतं, कधी चिन्हसुद्धा उलटं येतं.

आकडेवारीतले खड्डेही ओळखून ठेवा. कंप्युस्टॅट या कंपन्यांच्या ताळेबंदांच्या माहितीसंचात संशोधन खर्चाचा रकाना रिकामा असला की अनेकजण शून्य भरतात, पण अशा काही कंपन्यांच्या नावावर पेटंटं असतात. पेटंट मंजूर व्हायला सहसा दोन-तीन वर्षं जातात, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत इनोव्हेशन घसरल्याचा भास होतो. उद्धरणांच्या, म्हणजे नंतरच्या पेटंटांनी आधीच्या पेटंटाचा केलेल्या उल्लेखांच्या बाबतीत तर हा दोष आणखी मोठा. म्हणून वर्ष अर्जाचं घ्या, मंजुरीचं नको, आणि उद्धरणांची तुलना त्याच वर्षाच्या, त्याच तंत्रज्ञानवर्गाच्या पेटंटांशी करा. ही जुळवाजुळव दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच सुरू करा; कंपन्यांची नावं पेटंटांशी जोडण्यात महिने जातात.

नोकरीची फेरी पाचव्या किंवा सहाव्या वर्षी. जाहिराती ऑगस्टपासून अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या यादीत येतात, अर्ज नोव्हेंबरात, मुलाखती डिसेंबर-जानेवारीत, मग विद्यापीठात बोलावणं. असोसिएशनमार्फत विशेष रस कळवणारे फक्त दोन संकेत पाठवता येतात. ते अव्वल विभागांवर खर्च करू नका. तुम्ही तिथे याल असं ज्यांना वाटणार नाही अशा ठिकाणी पाठवा. सगळा निकाल एका जॉब मार्केट पेपरवर, म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत दिलेल्या मुख्य शोधनिबंधावर लागतो.

व्हिसाचं एक काम प्रवेश घेतानाच करा. आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या प्रमाणपत्रावर, अभ्यासक्रमाचा कोड ४५.०६०३ आहे का ते बघा. तो परिमाणात्मक अर्थशास्त्राचा असल्याने पदवीनंतर १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडता येतात, ४५.०६०१ या सर्वसाधारण अर्थशास्त्राच्या कोडवर ती वाढ मिळत नाही. जोडीदार एफ-२ या अवलंबितांच्या व्हिसावर येणार असेल तर त्याला किंवा तिला नोकरी करता येत नाही, म्हणजे घर एका स्टायपेंडवर चालवावं लागेल. करपत्रक भरताना भारत-अमेरिका करविषयक कराराच्या कलम २१ खाली भारतीय विद्यार्थ्याला मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन घ्या. अनेकजण ती विसरतात.